तक्रार वहीतली शेवटची ओळ

मी फटकळ आहे, हे आधी मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. पण चिखलीला जाणाऱ्या सकाळच्या बसपुढे माझं तोंडही चालेना. आमच्या फाट्यावर बस थांबलीच पाहिजे असा नियम. नवा ड्रायव्हर आला आणि नियम गेला चुलीत. माझी लेक बारावीला, कॉलेज चिखलीत. ती हात दाखवायची आणि बस रिकाम्या सीटा घेऊन तिच्यासमोरून निघून जायची. जीप मिळेपर्यंत पहिले दोन तास बुडालेले. शेवटी कॉलेजने सांगितलं, हजेरी कमी आहे, परीक्षेला बसू देणार नाही. त्या दिवशी पोरगी जेवली नाही, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मेथीच्या जुड्या बाजारात उतरवल्या आणि तशीच डेपोत गेले. तक्रार वही मागितली. मागेल त्याला ती द्यावीच लागते, असं बसमधल्या पाटीवरच लिहिलेलं असतं. फार शिकले नाही, पण पाट्या वाचते मी. तिथल्या कारकून बाबूने वहीच्या आधी खुर्ची दिली, चहा मागवला आणि आमच्याकडे सगळेच विचारतात ते विचारलं, कोन्या गावच्या, माहेर कुठलं, नणंद कुठं दिली. तेवढ्यात निघालं की ड्रायव्हर माझ्या नणंदेचा चुलत दीर. घ्या! आपलेच दात, आपलेच ओठ.

तरी लिहिलं. लेकीने कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, त्या सगळ्या तारखा उतरवल्या. शेवटी मात्र पाहुणेपण आडवं आलं. खाली लिहिलं, 'पाहुण्यांवर काही कारवाई करू नये, माझी काही तक्रार नाही.' आमच्यात भांडणसुद्धा असंच मिटवतात, त्यामुळे हात आपोआप चालला.

उत्तर आलं, तक्रारदाराची तक्रार नसल्याने प्रकरण बंद. त्यांचा तर सुंठीवाचून खोकला गेला. मी स्वतःलाच शिव्या घातल्या. नवरा म्हणाला, जाऊ दे, नात्यात वाकडं येईल.

"नातं पेपर लिव्हाले येईन काय?" मी विचारलं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा चहा घेतला नाही. तारखा त्याच लिहिल्या, शेवटची ओळ गाळली. तिच्या जागी लिहिलं की या दिवशी बस फाट्यावर थांबली की नाही, एवढं मला लेखी कळवा. बाबूने विचारलं, लेखी काऊन पाहिजे? म्हटलं, कॉलेजले दाखवाले.

पंधरा दिवसांनी कागद आला. डेपोने विचारल्यावर बसच्या कंडक्टरने खरं तेच सांगितलं होतं. त्या तारखांना बस थांबली नव्हती, खाली सही, शिक्का. कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, पोरीची चूक नाही म्हणाले आणि तिच्या परीक्षेच्या अर्जावर सही केली. मला तिथेच रडू फुटलं. मी सहसा रडत नाही.

आता बस थांबते. मागच्या सोमवारी मीच चढले. ड्रायव्हर समोर बघत म्हणाला, "वहिनी, घरच्या मानसाची तक्रार केली तुम्ही."

"केली ना भाऊ," मी म्हटलं. "तुमची पोरगी अशी उभी राह्यली असती, तं तिच्यासाठीबी केली असती."

पुढच्या फाट्यावर दप्तरं घेतलेल्या दोन पोरी उभ्या होत्या. त्यांनी हात वर करायच्या आतच त्याने ब्रेक दाबला.