नगरपालिकेचा फोन कंडक्टरबाईंकडे

एकतीस वर्षं चालत्या बसमध्ये उभ्या राहिलेल्या बाईला कुणी म्हणालं, की आता निवांत बसा, तर ती बसणार कशी? कंडक्टरबाईंचं तसंच झालं होतं. शहर लहान, सिटी बस मोजून अकरा, आणि त्या अकराही बसमध्ये बाईंनी कधी ना कधी तिकिटं फाडलेली. निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी भाजी निवडायची ती उभ्यानेच, चहा प्यायचा तो दारात उभं राहून.

"अगं, बस ना जरा," टेलरकाका मशीनवरून मान न उचलता म्हणायचे. टेलरकाका म्हणजे बाईंचे यजमान. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन होतं, गळ्यात टेप असायची आणि तोंडात बहुतेक वेळा टाचण्या. त्यामुळे घरातलं बोलणं आपसूकच बाईंच्या वाट्याला आलं होतं.

"बस म्हटलं की मला चार नंबरच आठवते," बाई म्हणायच्या आणि तिसऱ्यांदा पुसलेला डबा चौथ्यांदा पुसायला घ्यायच्या.

अशात एका शनिवारी सकाळी दाराखालून 'नगरवार्ता' आत सरकली. नगरपालिकेचं हे चार पानी पत्रक दर तीन महिन्यांनी घरोघर यायचं आणि बहुतेक घरांत ते फडताळात अंथरलं जायचं. हा वसंताचा अंक होता. बाईंनी तो मोठ्याने वाचायला घेतला. पाण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे. नदीकाठची बाग पुढच्या आठवड्यापासून खुली. घरातलं जुनं सामान बुधवारी गाडी येऊन नेणार. फुलझाडांची रोपं फुकट, एका घराला दोन. कालव्यावरचा पूल दुरुस्तीसाठी येत्या सोमवारनंतरच्या सोमवारपासून सहा आठवडे बंद, वाहनांनी रेल्वेच्या कमानीखालून जावं. आणि शेवटच्या पानावर चौकटीत, ठळक अक्षरांत: नागरिकांसाठी नवी मदत-सेवा, या नंबरवर फोन करा.

नंबर त्या वाचणार, इतक्यात फोन वाजला. गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी टेलरकाकांनी जुना लँडलाइन अजून ठेवला होता. त्यांनीच उचलला.

"गादी? नाही हो, गाद्या आम्ही शिवत नाही," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

लगेच पुन्हा वाजला. "रोपं? कसली रोपं? इथे ब्लाउज आणि पँट शिवतात." मग तिसरा. तिसऱ्याला टेलरकाकांनी टाचण्या तोंडातून काढल्या, त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे बाईंनी ओळखलं. त्यांनी पत्रकातली चौकट पाहिली आणि कपाळावर हात मारला. नगरपालिकेचा नंबर संपत होता बासष्टवर. छापला होता सव्वीस. सव्वीस म्हणजे यांच्या घरचा!

जेवणवेळेपर्यंत एक्केचाळीस फोन झाले.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच बाई नगरपालिकेच्या पायरीवर हजर होत्या. पत्रक काढणारा कारकून चोविशी-पंचविशीचा होता. चौकटीवरचं बाईंचं बोट पाहिलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"काकू, एकोणीस हजार प्रती गेल्या हो! मी तीनदा तपासलं होतं."

"एकदा तपासलं असतंस तर सापडलं असतं. तीनदा पाहिलं की डोळा सरावतो," बाई म्हणाल्या. "आता दुरुस्ती कधी?"

"पुढच्या अंकात. म्हणजे उन्हाळ्यात." तो आणखी बारीक आवाजात म्हणाला, "फोन आमच्याकडे वळवायचा अर्ज आजच देतो, पण त्याला आठ-दहा दिवस लागतील. तोपर्यंत तुम्ही रिसीव्हर बाजूला काढून ठेवा."

रिसीव्हर बाजूला काढायचं ठरवूनच बाई घरी आल्या. पण दारातून आत येतात तोच घंटी वाजली, आणि वाजणारी घंटी सोडून देणं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"हॅलो," पलीकडचा आवाज थकलेला होता. "मी कालव्याच्या पलीकडून बोलतेय. मला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यावं लागतं, चार नंबरच्या बसने. पूल बंद झाल्यावर बस कुठून जाणार, तेवढं सांगता का?"

"मावशी, तुम्ही बर्फाच्या कारखान्याच्या थांब्यावर चढता ना? डावीकडची पहिली सीट?"

"अगं बाई! चार नंबरच्या कंडक्टरबाई का तुम्ही? नगरपालिकेत लागलात होय?"

"लागले नाही, लावली गेले," बाई म्हणाल्या. "कमानीखालून जाणार म्हणे तुमची बस." आणि बोलता बोलता त्या थबकल्या.

बारा वर्षांपूर्वी एकदा पुलावर ट्रक उलटला होता, तेव्हा चार नंबर कमानीखालून काढली होती. बाई खाली उतरून, मान वर करून, गाडीच्या अंगावर थापा मारत ड्रायव्हरला "येऊ दे, येऊ दे" करत होत्या. टप आणि कमान यांत जेमतेम वीतभर फट राहिली होती. त्यानंतर त्या रस्त्यावर डांबराचे किती थर चढले? एक नदीकाठची बाग झाली त्या वर्षी, एक रस्ता दिवाणखान्यासारखा गुळगुळीत केला तेव्हा, आणि मधे आणखी एक. वीत कुठे उरली असणार?

"मावशी, मी तुम्हाला शनिवारपर्यंत कळवते," त्या म्हणाल्या. "नंबर सांगा तुमचा."

त्या दिवसापासून टेलरकाकांच्या हिशेबवहीमागची कोरी पानं भरू लागली. कुठला दिवा बंद, कुठलं गटार तुंबलंय, कुणाला रोपं मिळाली नाहीत. बाई फोनवर उभ्या राहून बोलायच्या, आणि बोलायच्या त्याच जुन्या सुरात. "एकेक करून सांगा. घाई नाही. पुढे?" पाण्याची वेळ तर इतक्यांदा सांगितली, की टेलरकाकाही कापड कापता कापता ती पुटपुटायला लागले. रोज दुपारी बाई वही घेऊन नगरपालिकेत जायच्या आणि कारकुनासमोर उघडायच्या. तोही बिचारा एकेका टेबलावर पळत सुटायचा. चार दिवसांत सात दिवे लागले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच बाई रात्री टेकल्या की लगेच घोरायला लागल्या.

पण कमानीचं कुणी मनावर घेईना. "इंजिनियरसाहेबांनी नकाशा पाहूनच ठरवलंय, काकू," कारकून म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी पाचला नागरिक सभा आहे. तिथे बोला. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात."

शुक्रवारी सभागृह खच्चून भरलं होतं. एरवी त्या सभेला सात माणसं यायची, त्यांतली दोन पंख्याखाली बसायला. पण आठवडाभर फोनवर बाई प्रत्येकाला सांगत होत्या, "शुक्रवारी या, समोरासमोर विचारा," आणि लोक आले होते. मावशींनीही मुलीला पाठवलं होतं. टेलरकाका मशीनवरून उठून तसेच आले होते, टेप गळ्यातच.

बाईंचं नाव पुकारलं गेलं. हजारो लोकांना "पुढे सरका" म्हणून ओरडलेली बाई, पण इथे त्या आधी माईकच खालीवर करत राहिल्या. मग समोरची तोंडं दिसली. सगळी ओळखीची, सगळी त्यांच्या गाडीत कधी ना कधी चढलेली.

"चार नंबर कमानीत अडकणार आहे," त्यांनी एकदम सांगून टाकलं.

इंजिनियरसाहेब शांतपणे हसले. "बाई, बसची उंची साडेदहा फूट. कमान नकाशात अकरा फूट आहे."

"नकाशावर कुणी डांबर टाकलं नाही, साहेब. रस्त्यावर टाकलंय. तीनदा."

सभागृहात हशा पिकला. बाईंनी बारा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला घेतली, आणि ऐन रंगात असताना टेबलावरची घंटी टण्णकन वाजली. तीन मिनिटं संपली होती. एका घंटीला थांबायचं, हा एकतीस वर्षांचा नेम. बाईंचं तोंड आपोआप मिटलं.

मुख्याधिकारी मॅडम टेबलाच्या मधोमध बसल्या होत्या. गंभीर बाई, फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी हात लांब करून कारकुनासमोरची घंटी ओढून घेतली आणि दोनदा वाजवली. टण्ण, टण्ण.

"डबल बेल!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं.

बाई सुटल्या. जे सांगायचं ते सगळं सांगितलं. मॅडम ऐकून घेऊन म्हणाल्या, "साहेब, कमान इथून किती लांब?"

"चालत पाच मिनिटं."

"मग वाद कशाला? चला, मोजू."

आणि काय सांगावं, अख्खी सभा उठून रस्त्याला लागली! पुढे मॅडम, त्यांच्यामागे इंजिनियरसाहेब, मग बाई, आणि पाठीमागे शे-सव्वाशे माणसं. वाटेतले दुकानदार विचारायचे, "काय झालं?" कुणीतरी सांगायचं, "कमानीचं माप घ्यायला चाललोय," की तेही पायात चपला सरकवून सामील. झाडांना नुकती कोवळी पालवी फुटली होती, ऊन अजून उतरलं नव्हतं, आणि बाईंना वाटत होतं, आपण नुसतं चालत नाही, पळतोय.

कमानीखाली पोहोचल्यावर कळलं, की मोजायला कुणी काही आणलंच नाही. इंजिनियरसाहेब खिसे चाचपू लागले. तेव्हा गर्दीतून टेलरकाका पुढे आले. गळ्यातली टेप काढली, खिशातून दुसरी काढली, शर्टाच्या कॉलरला लावलेल्या टाचण्यांतली एक घेऊन दोन्ही टेपा एकमेकींना जोडल्या.

"एक साठ इंची, दुसरीही साठ," ते म्हणाले. "कमरेपासून कमानीपर्यंत, माप ते माप."

रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या नगरपालिकेच्या माणसाने आपली शिडी लावली आणि वरचं टोक कमानीच्या दगडाला धरलं. टेलरकाका खाली गुडघ्यावर बसले. टेपचं खालचं टोक रस्त्याच्या वर लोंबत राहिलं. उरलेलं अंतर त्यांनी खिशातल्या पट्टीने मोजलं, अगदी बाहीचं घ्यावं तितक्या जपून.

"एकशे चोवीस," ते म्हणाले. "दहा फूट चार इंच."

"आणि बस साडेदहा," बाई म्हणाल्या. "दोन इंच कमी."

इंजिनियरसाहेबांनी स्वतः वाकून पट्टी पाहिली. माणूस मोठ्या मनाचा. उभं राहून, सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, सोमवारी सकाळी माझ्या नावाने शंख झाला असता. तुम्ही वाचवलंत. पण आता बस नेऊ कुठून? दुसरा रस्ता नऊ मैलांचा आहे."

"पुलावरून माणूस चालत जाऊ शकेल का?"

"हो, पायवाट चालूच राहणार आहे. अर्धा अर्धा पूल करणार आहोत. लिहून दिलं होतं तसं."

सगळ्यांनी वळून कारकुनाकडे पाहिलं. "जागा नव्हती पत्रकात," तो पुटपुटला.

"रोपांच्या एवढ्या मोठ्या फोटोला होती ना जागा!" बाई म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. डोक्यात गाडी केव्हाच सुरू झाली होती. "मग बस पुलावरून न्यायचीच कशाला? एक अलीकडे, एक पलीकडे. माणसं पूल चालून ओलांडतील आणि समोरच्या गाडीत बसतील. अलीकडे बाजाराच्या मैदानात गाडी वळते. पलीकडे बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात वळते, मी स्वतः वळवून घेतलीय. तिकीट मात्र एकच. आणि ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची."

मॅडमनी कारकुनाकडे पाहिलं. "लिहून घे. आणि या वेळी आकडे बाईंना वाचून दाखव."

शनिवारी बाईंनी पहिला फोन मावशींना केला. मग ज्यांनी ज्यांनी पुलाचं विचारलं होतं, त्या सगळ्यांना एकेक करून.

सोमवारी सकाळी साडेसहाला कंडक्टरबाई पुलाच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं; पण येऊ नका असंही कुणी म्हणालं नव्हतं. पलीकडे पहिली चार नंबर आली, दार उघडलं, आणि माणसं उतरून पुलावर चालू लागली. डबेवाले, शाळेच्या बाई, कारखान्याच्या पाळीचे कामगार. थोडी गोंधळली, थोडी कुरकुरली.

"चला, पुढे सरका! समोर गाडी उभी आहे, जागा आहे सगळ्यांना! तिकीट टाकू नका, तेच चालतंय!"

तो आवाज कालव्याच्या पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला. लोक हसले आणि पाय उचलू लागले. गर्दीच्या शेवटी चाकाची खुर्ची होती, तिच्यात शाल गुंडाळलेल्या मावशी, आणि खुर्ची ढकलत होते खुद्द इंजिनियरसाहेब.

"डावीकडची पहिली सीट धरून ठेवलीय," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही येणार ना गाडीत?" मावशींनी विचारलं.

"मी पुढच्या गाडीची माणसं पाहते," बाई म्हणाल्या. पत्र्यावर दोनदा थाप मारली, आणि चार नंबर दवाखान्याच्या दिशेने निघाली.

बुधवारी नगरपालिकेने फोन वळवून घेतला. घर एकदम गप्प झालं. टेलरकाकांनी मशीन थांबवून बायकोकडे पाहिलं; बाई खिडकीशी उभ्या होत्या. एवढ्यात बाहेर सायकलचा ब्रेक कचकचला. कारकून आला होता, हातात शाईचा वास येणारा कागद.

"काकू, मॅडमनी पाठवलंय. दुरुस्तीचं जादा पान काढतोय, उद्या घरोघर जाणार. छापण्याआधी तुम्ही पाहावं म्हणून. आणि यापुढचा प्रत्येक अंक तुम्ही पाहावा असंही त्या म्हणाल्या."

बाईंनी चष्मा लावला. बोट ओळीखाली धरून त्या वाचू लागल्या, आणि दुसऱ्याच ओळीवर थांबल्या.

"'पादचाऱ्यांनी तदनुषंगाने मार्गक्रमण करावे'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "असं कोण बोलतं रे तुझ्या घरी? आण ते पेन."

आणि खुर्ची ओढून त्या चक्क बसल्या.