पडद्यावरची मुकी बाई

पडद्यावर माझा चेहरा होता. बैलगाडीएवढा. तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी. खाली लिहिलेलं: नाव बदललं आहे. पिढ्यानपिढ्यांच्या अन्यायानं हिची वाचा गेली होती. आमच्या संस्थेनं हिला आवाज दिला.

दारव्ह्याच्या कॉलेजातला हॉल. माझी लेक तिथं शिकते. पालकांना बोलावलं म्हणून मी नवं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसले होते. सर शिकवत होते, एखाद्या संस्थेची वेबसाइट खरी की बनावट कसं ओळखायचं. पत्ता बघा. चालवणाऱ्यांची नावं बघा. अहवाल, तारखा बघा. उदाहरणाला घेतलेली, आमच्या लोकांच्या हक्कासाठी लढणारी ही संस्था सगळ्यात पास झाली. मग सर या फोटोवर आले. आवाज हळवा करून म्हणाले, अशा चेहऱ्यांमुळेच विश्वास बसतो.

वाचा गेलेली. मी! मी बाजारात बांगड्या विकते. मी हाक दिली की एसटीतली बाई उतरायच्या आधी मनगट पुढं करते. नवरा म्हणतो, तू झोपेतही गिऱ्हाईक सोडत नाहीस.

त्या फोटोचा दिवस मला आठवतो. बाजार उठला की घसा बसतो. मग आम्ही हाका देणाऱ्या बाया तोंडात लवंग धरतो आणि घर येईपर्यंत बोलत नाही. बोललं की पुढचा बाजार गेला. त्या दिवशीची लवंग जहाल होती, डोळ्यांतून धारा. शहरातली एक मुलगी कॅमेरा घेऊन आली, काहीबाही विचारत राहिली. मी नुसती मान हलवली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तीही रडली. मला वाटलं, हिलाही कुणी लवंग दिली असेल.

मी उठले. सांगितलं, हा फोटो माझा आहे आणि मी मुकी नाही.

सर समजूतदार हसले. "ताई, बसा. संस्थेनं तपासूनच टाकलं असणार. तुमच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी असेल."

हॉल हसला. लेकीनं माझा पदर ओढला. "बस नं वं माय."

मी बसले. पत्त्यावर विश्वास. तारखेवर विश्वास. समोर उभ्या बाईवर नाही. माझ्या आजीला लोक लांबून पाणी वाढायचे, शिवाशिव नको म्हणून. हे जवळ येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि जीभ काढून नेतात.

पुन्हा उठले. थेट पडद्यासमोर गेले. माझाच चेहरा माझ्या अंगावर पडला. पोटातून हाक दिली.

"या वं बायाहो, हिरव्या भरा, लाल भरा, मनगट दाखवा, मोल मंग करू!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाहेरचे शिपाई चहा टाकून धावत आले.

"आता सांगा सर, मुकी कोन आहे?"

सरांनी पडदा बंद केला. वेळ संपली म्हणाले. संस्थेला कळवतो म्हणाले. फोटो अजून वेबसाइटवर तिथंच आहे, मुकाच. लेक रोज उघडून बघते आणि रोज तक्रार लिहिते. उत्तर नाही.

आता खरं-खोटं तपासायची रीत माझी. माझा फोटो पाहिजे त्यानं खाली काय लिहिणार ते भर बाजारात, माझ्या बांगड्यांसमोर उभं राहून, मोठ्यानं वाचायचं. खोटं निघालं की मी त्याच जागी हाक देणार, संस्थेचं नाव घेऊन, एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशी. तोंडात लवंग असली तर थुंकेन. पुढचा बाजार गेला तरी.