रिमाचा पिच्चर आणि माझं मार्गदर्शन

भांड्याच्या दुकानाचं एक बरं असतं. गिऱ्हाईक पातेलं वाजवून पाहतं, भाव विचारतं, निघून जातं; पण जाताना एखादा किस्सा ठेवून जातं. वऱ्हाडातल्या मालेगावच्या आमच्या दुकानात ते इतके साचलेत की विकता आले असते तर वाशिमला दुसरं दुकान टाकलं असतं! गेल्या महिन्यात मात्र सगळे किस्से एकाच गोष्टीचे झाले, आणि प्रत्येकात येडा ठरला तो मीच.

माझी मुलगी रिमा तेरा वर्षांची, आठवीत. अलीकडे ती माझ्याशी दोनच वाक्यं बोलते: "चार्जर कुठं हाय?" आणि "काई नाई." त्या दिवशी मात्र जवळ येऊन बसली.

"पप्पा, मले देवीचा तो नवा पिच्चर पाहाचा हाय. वर्गातल्या साऱ्यायनं पाहिला. जाऊ?"

तिनं विचारलं याचाच मला इतका आनंद झाला की 'हो' तोंडातून निघालंच होतं. मग आठवलं, त्या सिनेमात देवी दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी मुंडकं उडवते म्हणतात. आम्ही पडलो जैन. भांड्याचं दुकान असून आजोबांपासून चाकू-सुरी विकत नाही. हो म्हणावं तर पोरगी भेदरणार. नाही म्हणावं तर ती पुन्हा चार्जरवर जाणार, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटत होती.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

* * *

शेजारी गजाननभाऊंचं शिलाईचं दुकान. सल्ला फुकट मिळतो म्हणून आधी तिकडे गेलो.

"शेठ, एवढा काहून विचार करता? धार्मिक हाय ना! मी तीनदा पाहिला."

"रक्त लय हाय म्हणे?"

"हाय. पण भक्तीचं हाय!"

"मंग पोराले नेलंच असंल तुमी?"

भाऊंचा पोरगा अकरावीत आहे, मिशी फुटली आहे. भाऊंनी सुईत दोरा ओवत मान हलवली.

"नाई बा. तो घाबरते."

* * *

सरकार काय म्हणतं ते पाहावं म्हणून मोबाईलवर पोस्टर मोठं करून पाहिलं. सरकारचं म्हणणं, लहान मुलांनी सिनेमा पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. म्हणजे त्यांनीही घोडं माझ्याच दारात आणून बांधलं! मी जरा ताठ बसून बायकोला, साधनाला, हे सांगितलं.

"तुमचं मार्गदर्शन?" ती म्हणाली. "मागच्या खेपी तुमच्या मार्गदर्शनानं आपण कारंज्याले निघालो अन् मंगरुळपीरले पोचलो!"

* * *

मग प्रकरण माझ्या आईकडे गेलं. तिला घरात सगळे 'बाई' म्हणतात. बाईसमोर 'कापणे' हा शब्द चालत नाही. भेंडीसुद्धा आमच्याकडे कापत नाहीत, 'सुधारतात'. हिंसेचा शब्दही जिभेवर नको, ही जुनी रीत.

"साधना, देवी करते काय त्या पिच्चरमंधी?" बाईनं विचारलं.

"राक्षसायले का..." साधना अडखळली. "राक्षसायले सुधारते, बाई."

"सारेच सुधारते?"

"एक बी सोडत नाई."

बाईचा चेहरा खुलला. "मंग ने की रे पोरीले! अशेच पिच्चर दाखवाले पाह्यजे पोरायले!"

 आईशी खोटं बोललो असं नाही, पण खरंही बोललो नाही.

* * *

शेवटी ठरवलं, आधी आपण पाहून यायचं. बुधवारी दुकान बंद ठेवलं, एसटीनं वाशिम गाठलं, बाराचा शो धरला. कुठल्या सीनला काय आहे ते लिहून घ्यायला खिशात वही आणि पेन! पहिली तलवार निघाली तशी मी डोळे मिटले, ते इंटरव्हलला समोशाचा वास आल्यावरच उघडले. उरलेला सिनेमाही तसाच गेला. शेजारचा माणूस दोनदा म्हणाला, "काका, पानी देऊ का?"

घरी साधनानं विचारलं, "कसा हाय?"

"आवाज चांगला हाय."

"तुमी पाहून आले का आयकून?"

* * *

वही कोरी होती, म्हणून रिमाला 'नाही' म्हणून टाकलं. आपल्या घरात चाकू विकत नाहीत वगैरे भाषणही दिलं. ती शांतपणे म्हणाली, "परवा लढायायच्या सनावळ्या तुमीच पाठ करून घेतल्या. कोनं कोनाले कुठं मारलं, सारं. त्या विसरू का आता?"

 दोन दिवस ती चार्जरसुद्धा मागेना. घर मला खायला उठलं. तिसऱ्या दिवशी साधनाच वैतागली. "तिच्यासंगं जा ना तुमी! वाईट सीन आला का तिच्या डोयावर हात ठेवा, झालं!"

* * *

रविवारी आम्ही बापलेक निघालो. बसमध्ये मी खडसावून विचारलं, "तू याचा ट्रेलर तं नाई ना पाहिला?"

"नाई, पप्पा."

सिनेमा सुरू झाला. मी उजवा हात तयार ठेवला. पडद्यावर देवी शांतपणे पायऱ्या उतरत होती, मागे घंटा वाजत होती. एवढ्यात रिमाचा तळवा येऊन माझ्याच डोळ्यांवर बसला! पाठोपाठ खच्चकन आवाज, मग किंकाळी. असं चार-पाच वेळा झालं. वर्षभरात पोरीनं मला असा हात लावला नव्हता, म्हणून मीही तो हटवला नाही. मला फार बरं वाटत होतं.

इंटरव्हलनंतर लग्नाचा सीन आला. सनई वाजत होती, नवरदेव हसत होता. पुन्हा तिचा हात!

"अवं, लगन हाय ना हे!" मी कुजबुजलो.

"राहू द्या, पप्पा."

आणि खरंच, सनई थांबली आणि मांडवात आरडाओरडा सुरू झाला. तो शांत झाल्यावर तिनं हात काढला.

"उघडा आता. पाच मिनिटं भजन हाय," रिमा म्हणाली. "भजन सरलं का म्हातारा मरते, तवा सांगते मी तुमाले."