मंगळावरची पहिली बाई

सुखीबाई आडेच्या दारावरून जाताना तांड्यातली कुत्रीसुद्धा शेपूट आवरून जातात. नव्या तांड्यात सकाळ कोंबड्यानं होत नाही, सुखीबाईनं होते. नळ उशिरा आला की ती नळाला शिव्या घालते, लवकर आला की नळ सोडणाऱ्याला. नवऱ्याला ती रागात असली की 'तू' म्हणते आणि राग नसला की 'तुमी'. हे 'तुमी' शेवटचं कोणी कधी ऐकलं, यावर तांड्यात एकमत नाही.

नवरा फुलचंद. ह्या माणसाला सगळीकडं पहिलं जायची खाज. तांड्यातली पहिली फटफटी त्याची आणि नाल्यात पडलेली पहिली फटफटीही त्याचीच. लसीकरणाला पहिला दंड त्याचा पुढं, तेही मोफत जेवण आहे अशा समजुतीनं. धरणाचं पाणी येणार म्हणून जुना तांडा उठवायचं ठरलं, सगळे हटून बसले, तेव्हा दारव्ह्याच्या रस्त्याकाठच्या ह्या नव्या जागेवर बैलबंडी घेऊन पहिला आला तोही फुलचंदच. आजही कोणतीही सभा असो, पंधरा ऑगस्ट असो की पाणीपुरवठ्याची बैठक, तो उठतो, मिशीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "आमी दोघं नवराबायको खुशीनं आलतो इथं. कोणाची जबरदस्ती नव्हती."

हे वाक्य ऐकलं की घरात सुखीबाईच्या हातात जे असेल ते आपटतं. भाताची दोन डेगची त्यात चेपली आहेत.

यंदा नवरात्राच्या आधी ह्या डेगच्यांवर मोठं संकट आलं, आणि ते आलं थेट आकाशातून.

दुर्गा मंडळाचा मांडव दरवर्षी फुलचंदच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत पडतो, वीजही त्याच्याच घरून. म्हणून देखाव्याची बोलणी त्याच्याच ओट्यावर होतात. अध्यक्ष राजदीप, दारव्ह्यात मोबाईलचं दुकान, तोंडाला कुलूप नाही. त्याच्यासोबत वर्षा, कॉलेजात बी.एस्सी.ला, मंडळातली एकुलती एक पोरगी जी पुस्तक शेवटपर्यंत वाचते. सुखीबाई कोपऱ्यात सुपात तूर पाखडत होती. म्हणजे ऐकत होती.

"काका, यंदा असा देखावा करू का यवतमाळचे लोक आपल्याकडं पाह्यले येतीन," राजदीप म्हणाला. "मंगळावर माणसाची वसाहत!"

"मंगळ कायले?" वर्षा लगेच. "गेलं तर शुक्रावर जावं माणसानं."

"शुक्रावर शिसं वितळते, तूच तर सांगितलं मले!"

"खाली जमिनीवर वितळते. वर ढगांच्या उंचीवर जवळजवळ आपल्यासारखीच गरमी आन् हवेचा दाबही आपल्यासारखा. तिथं मोठ्या फुग्यासारखी तरंगती वसाहत करता येईन. वजनही इथल्यासारखंच भरते. मंगळावर वजन तिसऱ्या हिश्शाएवढं, हवा नावालेच, थंडीनं रक्त गोठीन."

"आन् तुहे ढग कायचे आहेत, तेही सांग नं."

वर्षा जरा अडली. "ॲसिडचे. तेजाबाचे."

सूप थांबलं. "म्हंजे एकीकडं गारठून मरा, न् दुसरीकडं तेजाबात शिजा," सुखीबाई म्हणाली. "पोट्टेहो, हे काय वसाहतीचं चाललं का मसनवटीचं?"

"काकी, आज ना उद्या माणसाले जाणं आहेच," राजदीप तिला समजावायला गेला. ही त्याची पहिली चूक. "पृथ्वी भरून राह्यली. पहिले सारं बांधून ठेवतीन, घरं, पाणी, हवा. मंग माणसं नेतीन."

"कोण बांधून ठेवते? तुह्या बापानं ठेवलं होतं? आमाले बी सांगतलं होतं, शाळा आहे, नळ आहे, दवाखाना आहे. आलो तर गोटे रोवेल होते, गोट्यावर प्लाटाचे नंबर. नळाची तोटी होती, त्याले पाइपच नव्हता. मी ते तोटी फिरवून पाह्यली बरं का! फिरवून पाह्यली!"

"तवा सरकार वेगळं होतं, काकी."

"आन् मंगळावर कोणतं आहे?"

फुलचंद मधे पडला. "ए, सोड. पोरं ग्रहाचं बोलून राह्यले, तू तोटीचं घेऊन बसली."

मंडळात मग आठ दिवस भांडण चाललं. वर्षाच्या बाजूनं पोरी, राजदीपच्या बाजूनं ट्रॅक्टरवाले. शेवटी मंगळ जिंकला. विज्ञानाचा त्यात काही संबंध नव्हता. लाल मुरूम नाल्याकाठी फुकट मिळतो आणि ढग कसे उभे करायचे हे कोणालाच सुचलं नाही. वर्षानं हार मानली, पण "हे मूर्खपणाचं आहे, लिहून घ्या" असं म्हणून देखाव्याचं निवेदन स्वतःच्या आवाजात करून द्यायला तयार झाली. शिकलेला माणूस असाच हरतो.

आता सुखीबाईचं त्या 'खुशीनं' शब्दाशी काय वैर आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही.

फुलचंदनं जुना तांडा सोडला त्या दिवशी सुखीबाई निंदणाला गेली होती. संध्याकाळी परत आली तर घरावरची टिनं उतरवून बंडीवर बांधलेली. चूल आभाळाखाली. फुलचंद बैलांना जुंपत होता. ती म्हणाली, हे काय? तो म्हणाला, चाललो आपण. मले विचारलं? तर म्हणाला, "तुले काय विचारायचं त्यात? मी हो म्हणलं." विळा हातातच होता तिच्या. फुलचंद जिवंत आहे हे तिच्या संस्कारांचं फळ.

आणि मग त्या उजाड माळावर, नंबरच्या गोट्यांमधे, हे दोघंच. पोळा गेला, दिवाळी गेली, दुसरं कोणी येईना. तारा नसलेले विजेचे खांब होते. सुखीबाईला वाघाची भीती नव्हती, भुताचीही नव्हती. तिला गमेना. भांडायलाच कोणी नाही! तिनं बकरीशी भांडून पाहिलं, बकरी निघून गेली. एकदा मोजणीवाला आला तर त्याला दिवसभर जाऊ दिलं नाही, चहा पाजत पाजत बोलत राहिली. मीठ संपलं म्हणून सांगायची आणि इतकं अंतर तुडवत जुन्या तांड्यात जायची, तर तिथं तिची सख्खी जाऊ रुपीबाई दार लावून घ्यायची. कारण साहेब लोक घरोघरी सांगत फिरत होते, "तो पाहा फुलचंद, खुशीनं गेला, तुम्हाला काय झालं?" अख्ख्या तांड्यासाठी आडे नवराबायको फितूर ठरले. फुलचंद पुरुष, तो पारावर बसून वाद घालायचा. सुखीबाईला पाणवठ्यावर जागाच उरली नाही. तिनं ज्यासाठी 'हो' म्हटलंच नव्हतं, त्याच्या शिव्या तिनं खाल्ल्या. पुढं सगळे आले, चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, शेजार भरला, आणि साठलेलं सगळं सुखीबाई आजतागायत वसूल करते आहे.

तर, मुरूम पडला. शेडनेटवाल्याकडून आणलेल्या प्लास्टिकचा घुमट झाला. पाण्याचे मोठे जार कापून डोक्यात घालायची शिरस्त्राणं झाली, गाडी झाकायच्या चंदेरी कापडाचे पोशाख शिवले. मग राजदीप ओट्यावर आला, लाडीगोडी लावत.

"काकी, देखावा जिवंत आहे. मंगळावरचं पहिलं जोडपं दाखवायचं. काका आन् तुमी."

"कोणी ठरवलं?"

"काकांनी हो म्हणलं नं."

सुखीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. फुलचंद आरशात जार घालून पाहत होता. जारातूनच म्हणाला, "तुले काय विचारायचं त्यात? मी हो म्हणलं."

राजदीप सांगतो की काकीचा चेहरा एकदम शांत झाला. ती म्हणाली, "बरं. बसीन." एवढंच. एकही शिवी नाही. तांड्याला शहाणपण असतं तर त्याच घटकेला मांडव सोडला असता.

घटस्थापनेच्या संध्याकाळी आरती झाली, पडदा उघडला. लाल मुरूम, लाल उजेड, घुमटात चंदेरी फुलचंद कमरेवर हात ठेवून उभा, बाजूला चंदेरी सुखीबाई खुर्चीवर. जारामुळं तिची नथ आत अडकत होती. वर्षाचा आवाज सुरू झाला, मंगळ किती लांब, किती थंड, माणूस किती जिद्दी. फुलचंदनं ठरल्याप्रमाणं हात हलवला. मग वर्षाचा आवाज म्हणाला, "आणि हे मानवजातीचं पहिलं दांपत्य. ते इथे स्वतःच्या खुशीनं आले आहेत."

हे वाक्य फुलचंदनं मागून घालायला लावलं होतं. वर्षाला वाटलं, म्हाताऱ्याची हौस.

सुखीबाईनं जार काढला, मुरमावर आपटला. "कोण आलं खुशीनं?"

लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे.

"ए जारवाल्या! तुले विचारून राह्यली मी. मले विचारलं होतं?"

फुलचंद जारात काहीतरी बोलला, ऐकू कोणालाच आलं नाही. जारावर आतून वाफ मात्र धरली.

"पाह्या रे, पाह्या! मंगळावर न्यायले निघाले! आधी इथं नेलं तवा विचारलं नाही, आता वर नेऊन राह्यले तवा विचारलं नाही. शुक्रावर नेतीन तरी विचारणार नाही. ह्यायले हवा नाही लागत, पाणी नाही लागत, फक्त एक बाई लागते, तोटी फिरवून पाह्यले!"

टाळ्या. शिट्ट्या. राजदीपनं घाईनं पडदा ओढला, पण दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून जीपा भरून लोक आले. मंगळावर नवराबायकोचं भांडण लागतं म्हणे! राजदीपनं काकीचे पाय धरले, "रोज असंच करा, काकी, मस्त होऊन राह्यलं." सुखीबाईनं त्याला लाथ मारली नाही, कारण चंदेरी पोशाखात पाय उचलत नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिनं विचारलं, तो जारातच राहिला, लोक हसले. हसण्यानं ती जास्त पेटली. तिला हसायला नव्हतं लावायचं कोणाला. तिला एक उत्तर पाहिजे होतं, तेही चारचौघांत, जिथं तिनं इतकी वर्षं 'खुशीनं' ऐकलं होतं तिथंच.

तिसऱ्या दिवशी फुलचंदनं जार काढला. घामानं मिशी खाली आली होती. लोकांनी माना पुढं काढल्या, आता म्हातारा काय विनोद करतो म्हणून.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"नाही विचारलं तुले! विचारलं असतं तर तू नाही म्हणली असती!"

"हाव, म्हणली असती."

"मंग? तुले सोडून आलो असतो का मी एकटा?"

"आला असता! यायचं होतं एकट्यानं! ज्याले हौस त्यानं जा, मंगळावर जा, शुक्रावर जा, तेजाबाच्या ढगात लटक. मी अडवलं असतं का? मीठभाकर बांधून दिली असती. पण माह्या घराचे टिनं काढले तू, मी वावरात असतानी!"

आता कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत रुपीबाई बसली होती, तिनं पदर तोंडाशी नेला. ती हसत होती की काय करत होती हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. फुलचंद मुरमाकडं पाहत उभा होता. म्हाताऱ्याला वाटलं असावं की आता एवढं कबूल केलं, तर निदान नवमीपर्यंत निभेल. गर्दीकडं पाहत, घसा खाकरत तो म्हणाला, "बरं. आता विचारतो. सगळ्यांदेखत विचारतो. राह्यते का माह्यासोबत इथं, मंगळावर?"

"नाही," सुखीबाई म्हणाली, आणि चंदेरी पोशाख सावरत घुमटातून बाहेर पडली. पायऱ्या उतरली. मुरूम झटकला. घरात जाऊन तिनं चहा ठेवला, पहिल्यांदाच एकच कप.

फुलचंद उतरला नाही. पहिलं जाणाऱ्याला पहिलं परत येणं जमत नाही बहुतेक. राजदीपनं हातापाया पडून दुसरी बाई शोधली, पण मोतीबाई म्हणाली नवऱ्याला विचारते, आणि नवरा म्हणाला बायकोला विचारतो, आणि हे विचारणं दसऱ्यापर्यंत पुरलं. वर्षानं निवेदन परत रेकॉर्ड केलं, त्यात दांपत्य काढून 'पहिला मानव' घातला. ते म्हणताना तिचा आवाज जरा खुशीतच होता असं म्हणतात.

नवमीपर्यंत फुलचंद रोज संध्याकाळी लाल उजेडात एकटा उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. समोर आपल्या घराच्या फाटकाजवळ सुखीबाई खुर्ची टाकून बसायची, शेंगा फोडत. बाहेरगावचे लोक यायचे, घुमटात डोकावायचे आणि तिलाच विचारायचे, "का हो बाई, याची बायको कुठं गेली?"

सुखीबाई टरफल थुंकायची.

"तिले विचारलं होतं. ती नाही म्हणली."