मॉडेल घर

वजनकाटा एकतीस किलोंवर थांबला. मी शेवंताला उतरवून पुन्हा उभं केलं. एकतीसच.

सत्तरच्या दशकात साखऱ्याकडच्या भागात मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. पटकीची साथ आली की विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, लस टोचायची आणि गावाला बजावायचं: पाणी उकळा, हात धुवा, माशी बसलेलं खाऊ नका. अशाच एका साथीत शेवंताचं लहानगं पोरगं गेलं.

साथ ओसरल्यावर फेरीत तिचं घर पाहून आमचे मेडिकल ऑफिसर खूश झाले. भांडी लख्ख, पाणी उकळून झाकलेलं.

"हे मॉडेल घर. गावाला दाखवा," ते म्हणाले.

गावाने घर पाहिलं. ती वाळत चालली होती, ते फक्त सासूने पाहिलं. तिनेच तिला दवाखान्यात आणलं.

"सायब, गावची विहीर सोडून लांबच्या मळ्यातून घागरी वाहती. अन् खाती काय? गरम पाणी! आमच्या घरी माशीला बी उपास घडून राहिला."

शेवंता म्हणाली, "माशी दिसली न्हाई म्हणजे बसलीच न्हाई, असं समजू नका. तुमीच म्हणला होता."

म्हणालो होतो.

मेडिकल ऑफिसर साहेबांना टीबीचा संशय आला. हिंगोलीला एक्स-रे काढला, थुंकी तपासली. दोन्ही साफ. "आजार नाही. टॉनिक द्या आणि जेवायला सांगा," साहेब म्हणाले.

सांगून ती जेवत नव्हतीच. म्हणून मी घरी जाऊन तिच्यापुढे भाकरी ठेवायला लावली. तिने हात धुतले. तुकडा मोडला, बोटांकडे पाहिलं, तुकडा खाली ठेवला आणि पुन्हा हात धुवायला उठली. धुऊन धुऊन कातडी फाटली होती.

"काहून ठेवलंस?" मी विचारलं.

"याच हातानं भरवलं होतं त्याला."

माझ्याकडे यावर पावडर नव्हती. सासूने दुधात भाकरी कुस्करली.

"माझ्या हाताला तर काई झालं न्हाई ना? मग आ कर. सायबापुढं लाजवू नको मला."

शेवंताने तोंड उघडलं.

पुढे वजन अडतीसपर्यंत चढलं. मधे सासू तापाने पडली, तेव्हा पुन्हा उतरलं. माझी बदली होईपर्यंत शेवंता स्वतःच्या हाताने जेवली नाही. म्हातारीनंतर तिचं काय, हे मी विचारलं नाही.

पुढच्या गावांत साथ संपल्याचा रिपोर्ट देण्याआधी मी विहिरी तपासायचो, आणि जेवणाच्या वेळी घरांतून एक चक्कर मारायचो. सर्वांत स्वच्छ घरात आधी.