सेराफिनाच्या कपाळावरचं मलम

सेराफिना मनोरीत जन्मली तीच दुधासारखी पांढरी. केस पांढुरके, पापण्याही पांढऱ्या, उन्हात डोळे उघडायचे नाहीत. गाव तिला सूर्यमुखी म्हणायचं. लहानपणी बापाने कुणा औषधवाल्याला घरी आणलं. "पोरीला रंग येईल," म्हणत त्याने तिच्या पोटरीवर लेप लावला. रंग आला नाही, फोड आले. तेव्हापासून कुणी औषधाचं नाव काढलं की ती त्या माणसाचं तोंड निरखून बघायची.

बोंबील वाळवायचे तर ऊन लागतंच. सगळी उमर ती बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडीपाशी उभी राहिली. पन्नाशी उलटल्यावर कपाळावर, कानाच्या पाळीवर खरखरीत डाग उठले. खरवडले तरी परत यायचे. मालाडला बँकेत नोकरी करणारी भाची यव्होन तिला ओढतच बोरिवलीला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर इरावतींनी भिंगातून डाग पाहिले. "हा कॅन्सर नाही. पण उन्हाने कातडी बिघडलीय, यातल्या एखाद्या डागाचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. हे मलम सगळ्या चेहऱ्याला, कानांना लावा. चेहरा लाल होईल, खपल्या धरतील. घाबरू नका."

मनोरीची खाडी ओलांडताना परतीच्या होडीत सेराफिना म्हणाली, "बघितलंस? चेहरा बिघडणार हे आधीच सांगून ठेवलं. उद्या बिघडला की आपण बोलायचं नाही."

"मावशी, सगळ्यांवर कसला संशय घेतेस गं!"

दुसऱ्या आठवड्यात कपाळ भाजल्यासारखं लाल झालं. जिथे डागच नव्हता, त्या नाकाच्या शेंड्यावरही खपली धरली. बाजारात एकीने विचारलं, "कुणी मारलं काय गं?" रविवारी सेराफिना चर्चमध्ये मिस्सालाही गेली नाही. तिची खात्री पटली, की डॉक्टरबाईने आपल्यावर काहीतरी करून बघितलंय. मलम बंद. यव्होनचा फोन आला की मात्र "लावते गं, लावते."

ट्यूब तिने फेकली नाही, मलम स्वतःच पारखून बघायचं ठरवलं. ती दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं, तिथे ते मलम लावू लागली. आणि मनगटाच्या वर, उघड्या पण साफ दिसणाऱ्या जागीही. आठवडाभराने मनगटाजवळ लाल ठिपके उठले. दंडाला काही झालं नाही.

ती एकटीच बोरिवलीला गेली आणि दोन्ही जागा डॉक्टरांपुढे धरल्या. "इथे का उठलं? इथे तर डाग नव्हता."

"दिसत नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "बिघाड आत होता. मलमाने मुख्यतः बिघडलेल्या जागीच असं उठतं. दंडाला ऊनच लागलेलं नाही. पण सेराफिनाबाई, असं मनाने कुठेही लावायचं नाही हं."

नाकाच्या शेंड्यावर का उठलं, तेही सेराफिनाला आता कळलं. घरी येऊन तिने मलम पुन्हा सुरू केलं, सांगितलं तितके दिवस लावलं. खपल्या पडल्या, खालून गुलाबी कातडी आली.

कानावरचा एक डाग मात्र गेला नाही. डॉक्टरांनी त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरवलं, तर ही म्हणाली, "आधी मला दाखवा." बाटलीतला तुकडा पाहिल्यावरच तिने तो नेऊ दिला. त्यात कॅन्सरची नुकती सुरुवात निघाली. कान बधिर करून तेवढा भाग कापला, टाके घातले. पाळी थोडी तुटकी झाली, पण रोग पुढे गेला नव्हता.

आता ती लांब बाह्यांचा झगा घालते, रुंद टोपी घालते आणि दुपारी वलांडीकडे फिरकत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीला आपली आपण जाते.

"म्हणजे बसला ना विश्वास डॉक्टरवर?" यव्होनने विचारलं.

"विश्वास कसला गं? ती बाई अजून तरी खोटं बोललेली नाही, एवढंच," सेराफिना म्हणाली आणि टोपीची नाडी हनुवटीखाली बांधून होडीत चढली.