चोवीस नंबरांतला एक

आजऱ्याहून मुंबईच्या गाडीत बसताना तिच्या पाटीवरचे आकडे वाचले: ३५२४. ही माझी जुनी खोड. चार आकडे आधी मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करायची. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. त्याचं पुन्हा तसंच केलं की ८३५२, आणखी एकदा केलं की ६१७४. तिथून पुढे हलताच येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४. चारही आकडे एकच नसले, तर कुठलीही चार आकडी संख्या फार तर सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबते. चाळीस वर्षं वर्गात हे करून दाखवलं. पोरं आ वासून बघायची आणि माझी छाती फुगायची. त्याच संख्येनं आता मला तोंडघशी पाडलं होतं, आणि ते निस्तरायला मी निघालो होतो.

धोंडू माझा शाळासोबती. सातवीनंतर तो मुंबईला गिरणीत लागला, मी मास्तर झालो. गणितात तो माझ्या पुढे होता, हे मी कधी कुणाजवळ कबूल केलं नाही. संपाच्या दिवसांत हाताला काम नव्हतं, तेव्हा तो मला पत्रांतून कोडी घालायचा. एकदा लिहिलं, ‘माझ्या तिकीट नंबराचे आकडे उतरते आणि चढते मांडून वजाबाकी कर. तेच चार आकडे परत येतात. सांग माझा नंबर.’ (तिकीट नंबर म्हणजे कामगाराचा हजेरीचा नंबर, तो पितळी बिल्ल्यावर कोरलेला असे.) मी उलट टपाली ६१७४ कळवलं. त्यावर त्यानं अवाक्षर काढलं नाही. संप फिसकटला, त्याला परत घेतलं नाही, तेव्हा रागाच्या भरात त्यानं बिल्ला दादरच्या समुद्रात भिरकावला आणि कागद चुलीत घातले.

धोंडू गेल्यावर गिरणी कामगारांच्या वारसांना घरं मिळणार असं निघालं. त्याची बायको, शेवंता वहिनी, हिनं मला फोन केला. “भावजी, यांचा नंबर तुम्हाला ठाऊक असंल का हो?” मी एका दमात सांगून टाकला. अर्ज भरला गेला. काही महिन्यांनी उत्तर आलं: हा नंबर दुसऱ्या कामगाराचा आहे, एकदाच दुरुस्ती करता येईल, नाहीतर अर्ज बाद.

सकाळी लालबागला उतरलो. उसळपाव खाल्ला. उसळीत मिरचीशिवाय काही नव्हतं, पण रागानं खाल्ला. मग डिलाईल रोडकडे चालायला लागलो. धोंडूनं पूर्वी एकदा फिरवलं होतं, तेव्हाची खूण डोक्यात होती: गिरणीचा दरवाजा आला की डावीकडे वळायचं. दरवाजा काही येईना. काचेच्या उंच इमारतीपाशी उभ्या पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “काका, मिल-बिल काय नाय इथे. हे पार्किंग आहे. बाजूला व्हा, गाडी येते.” मी बाजूला झालो. शेजारच्या काचेत तयार कपडे टांगले होते. ज्या जमिनीवर धोंडूनं आयुष्यभर कापड विणलं, तिथे आता कापड नुसतं विकायला ठेवलं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायचं कुणाशी?

वहिनींची खोली दहा बाय बारा. खोली पुतण्याच्या नावावर. त्याचं लग्न ठरलं होतं आणि तोवर राहा, असं त्यानं काकीला गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. वहिनींनी भाकरी आणि बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट दाट कालवण) वाढलं. माझ्या चुकीबद्दल एक शब्द नाही.

जेवण होतंय तोवर पलीकडच्या चाळीतले कांबळे आले. हे त्याच गिरणीतले. अर्जाची नक्कल बघून कपाळावर हात मारला.

“मास्तर, सहा हजारी नंबर वाइंडिंगच्या, सूत गुंडाळणाऱ्या बायकांचे. साचेखात्याचे (मागांच्या खात्याचे) चार हजारी. धोंडू साचेवाला. हे गेटवरचा भेळवालापण सांगेल.”

“तुम्ही त्याच खात्यात होता?”

“मी रिंगखात्यात, सूत काढायला. साच्यावर आमच्या लोकांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढायला लागायचा ना, विटाळ होतो.” हे त्यांनी भाकरी मागावी तितक्या सहज सांगितलं.

मी कागद घेतला. आकडे एक, चार, सहा, सात. कसेही फिरवा, चढते-उतरते मांडले की वजाबाकी तीच. म्हणजे धोंडूच्या कोड्याला उत्तर एक नव्हतंच, चोवीस होती. हे मास्तराला तेव्हाच दिसायला हवं होतं. पण ६१७४ दिसल्यावर मी पुढे बघितलंच नाही, इतका मी त्या संख्येवर भाळलेलो. चारनं सुरू होणारे सहा उरले: ४१६७, ४१७६, ४६१७, ४६७१, ४७१६, ४७६१.

दुपारी तिघं कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसानं यादी उघडली. “या नावाचे चार जण आहेत गिरणीत, म्हणून नंबर लागतो. बोला.”

“साहेब, साचेवाला कोण ते बघा ना,” कांबळे म्हणाले.

“मी सांगायचं आणि तुम्ही हो म्हणायचं? दलाल हेच करतात. एक नंबर बोला.”

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. “तुम्ही सांगाल तो, भावजी.”

सहाच्या सहा मी पुन्हा वाचले. ४७६१ वर नजर अडली. एकोणसत्तरचा वर्ग! पूर्ण वर्ग असलेली त्यात ती एकटीच. मन म्हणालं, धोंडूचा असेल तर हाच. आता लिहिताना लाज वाटते. नंबर देणाऱ्या कारकुनाला वर्गाशी काय देणंघेणं होतं? पण मी तोच सांगितला, आणि वर ठासून सांगितला.

त्यानं यादीवरून बोट फिरवलं. “नाही. अर्ज बाद.” मग पुढच्या माणसाला हाक मारली. कांबळे थोडा वेळ भांडले. उपयोग झाला नाही.

परतताना एका बाकावर बसलो. मी म्हणालो, “वहिनी, माझ्यामुळे तुमचं घर गेलं.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “घोडपदेवला साचेखात्याचे हजेरी कारकून राहायचे. म्हातारे झालेले, पण सगळ्यांचे नंबर तोंडपाठ. अर्ज भरताना त्यांच्याकडेच जाणार होते मी. तुम्ही फोनवर इतकं ठाम सांगितलं, म्हटलं कशाला त्यांना त्रास. दिवाळीच्या आधी गेले ते.” मग म्हणाल्या, “तुम्ही ठाऊक नाही म्हणाला असता तरी चाललं असतं, भावजी.”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला परळहून गाडी होती. त्यांनी वाटेत खायला चटणी-भाकरी बांधून दिली आणि मी मुकाट्यानं घेतली. घाट चढून गाव येईपर्यंत पुडी सोडवली नाही.

येऊन दोन महिने झाले. नोकरीत असताना वर्गात कुणी काही विचारलं आणि मला येत नसलं, तर मी दटावून गप्प करायचो, नाहीतर काहीतरी ठोकून द्यायचो. माहीत नाही, असं चाळीस वर्षांत एकदाही म्हटल्याचं आठवत नाही. गावात त्यालाच हुशारी म्हणत होते, मीही म्हणत होतो. उरलेल्या पाचांतला धोंडूचा नंबर कोणता, हे शोधायची आता कुठली रीत नाही.

परवा पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली. मुहूर्त याच महिन्यातला आहे. खाली वहिनींनी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलंय, ‘भावजी, जरूर या.’ लग्नानंतर त्या कुठे राहणार, ते लिहिलेलं नाही, आणि विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.